टोकियोत शिरा, पण निघायचं कधी?

‘किंग ऑफ टोकियो’ची पेटी घरात आली की पहिल्या संध्याकाळी बहुतेक घरांत एकच प्रकार घडतो. घरातलं कुणीतरी नियमपुस्तिका हातात घेऊन पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला बसतं. दुसरं पान उलटेपर्यंत मुलं फासे एकमेकांच्या अंगावर टाकू लागलेली असतात, आजी जपमाळ शोधत उठलेली असते आणि आठवड्याभरात पेटी कपाटावर जाऊन तिच्या जागी पुन्हा ल्युडो येतो. दोष खेळाचा नाही. हा खेळ वाचून शिकायचा नसतोच. त्याचे नियम पाच मिनिटांत सांगून होतात. शिकायला वेळ लागतो तो एकाच गोष्टीला: टोकियोत शिरल्यावर बाहेर कधी पडायचं. बाकी सगळं त्या प्रश्नाभोवती फिरतं, म्हणून शिकवतानाही तिथूनच सुरुवात करावी.

सूरतेतल्या मराठी घरांसाठी हा लेख लिहितोय त्याला कारण आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेली हजारो कुटुंबं राहतात. दिवाळीत कापड मार्केट बंद पडतं, हिऱ्याचे कारखाने त्याहून जास्त दिवस बंद असतात, आणि सगळ्यांनाच गावी जायला जमतं असं नाही. सुट्टीभर दोन खोल्यांच्या घरात तीन पिढ्या आणि एक मोबाइल, अशी परिस्थिती असते. त्यात कोजागरी आपली. त्या रात्री जागरण करावं आणि फासे खेळावेत, असं जुन्या व्रतग्रंथांत सांगितलेलंच आहे. आटवलेलं दूध आपण ठेवलं, फासे मात्र कधीच सुटले. सूरतेत तर दुसऱ्या दिवशी चंदनी पडव्याची घारी असते, म्हणजे जागरणाचा शीण काढायची सोयही शहराने करून ठेवलेली आहे. ती रात्र या खेळाला अगदी चपखल बसते.

खेळ रिचर्ड गारफिल्ड यांचा. हा माणूस गणितात डॉक्टरेट केलेला. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ त्यांनी १९९३ साली बाजारात आणला आणि जगभर त्याचं वेड लागलं. ‘किंग ऑफ टोकियो’ २०११चा, फ्रान्सच्या इएल्लो या कंपनीने काढलेला. २०१६ला त्याची नव्या चित्रांची आवृत्ती आली. कल्पना १९५४च्या ‘गॉडझिला’पासून पुढच्या जपानी सिनेमांतून उचललेली: अजस्र प्राणी समुद्रातून, आकाशातून येतात आणि टोकियो तुडवतात. इथे ते प्राणी म्हणजे आपण. शहर वाचवायला कुणीच येत नाही, हे मुलांना लगेच आवडतं.

आता पेटी उघडू या. सहा मोठे काळे फासे, दोन हिरवे. हिरवे सुरुवातीला बाजूलाच ठेवा, ते काही कार्डांमुळेच खेळात येतात. जाड पुठ्ठ्याचे सहा राक्षस, प्रत्येकाची एक पाटी. पाटीवर दोन चकत्या फिरतात: एक जीव दाखवते, दुसरी तारे. सुरुवातीला जीव १०, तारे ०. मग हिरव्या पारदर्शक ठोकळ्यांची पिशवी, ती वीज. आणि कार्डांचा गठ्ठा, त्यातली तीन उताणी मांडायची. मधोमध टोकियोचा छोटा पट. पटावर चालायचं काही नाही, घरं नाहीत, शिड्या नाहीत. राक्षस आत असतो किंवा बाहेर, बस्स. फरशीवर खेळणार असाल तर खाली सतरंजी घाला. फासे जड आहेत, रात्री अकरा वाजता टाइल्सवर टाकले की खालच्या मजल्यावरचे वर येतात.

जिंकायचे दोन रस्ते. वीस तारे आधी गाठा, नाहीतर बाकी सगळ्यांना संपवून एकटे उरा.

पाळी आली की सहा फासे टाका. हवे ते बाजूला ठेवा, उरलेले पुन्हा टाका. आणखी एकदा टाका. म्हणजे एकूण तीनदा. आधी ठेवलेला फासा नंतर पुन्हा उचलून टाकायलाही बंदी नाही, हे पहिल्यांदा खेळणाऱ्याला आवर्जून सांगा. फाशावर सहा चिन्हं आहेत: १, २, ३, बदाम, वीज आणि पंजा. एकच आकडा तीन फाशांवर आला तर तेवढे तारे. म्हणजे तीन ‘एक’ आले तर एक तारा, तीन ‘तीन’ आले तर तीन तारे. तोच आकडा चौथ्या फाशावरही असेल तर एक तारा जास्त. दोनच आले तर काही नाही. बदामाला एक जीव परत मिळतो, पण दहाच्या वर जात नाही. विजेला एक ठोकळा. पंजा म्हणजे मार.

मार कुणाला बसतो, ते तुम्ही कुठे आहात यावर ठरतं, आणि खेळाची सगळी गंमत इथेच आहे. तुम्ही बाहेर असाल तर तुमचा प्रत्येक पंजा टोकियोत असलेल्याला लागतो. तुम्ही टोकियोत असाल तर तुमचा प्रत्येक पंजा बाहेरच्या सगळ्यांना लागतो. आत असलेला एकटा सगळ्यांना मारतो आणि सगळ्यांचा मार एकटा खातो. सुरुवातीला टोकियो रिकामं असतं, पहिला पंजा ज्याला पडतो त्याला आत जावंच लागतं. आत शिरल्याबद्दल एक तारा. पुढची पाळी येईपर्यंत तिथेच टिकलात तर पाळी सुरू होतानाच दोन तारे फुकट. मात्र टोकियोत फाशावरचे बदाम चालत नाहीत, आत असेपर्यंत जखमा भरत नाहीत. आणि मनात आलं म्हणून बाहेर पडता येत नाही. कुणी तुम्हाला पंजा मारला की आधी मार खायचा, मगच ‘निघतो’ म्हणता येतं. निघालात तर मारणाऱ्याला तुमच्या जागी आत यावं लागतं, त्याची इच्छा असो वा नसो.

पाच-सहा जण असतील तर टोकियोच्या खाडीतही एक जागा उघडते, आत दोघे बसतात. चौघंच उरले की खाडी बंद. पहिल्या डावाला हे सांगूच नका.

एक पाळी जवळून पाहू. तुम्ही बाहेर आहात, जीव नऊ, सहा फासे टाकले: ३, ३, पंजा, बदाम, वीज, १. नवखा माणूस इथे हमखास पंजा ठेवतो, बदाम ठेवतो, वीज राहते तर राहू दे म्हणतो, आणि शेवटी हातात सगळ्याचं थोडं-थोडं, कशाचंच धड नाही, असं होतं. खेळलेला माणूस दोन ‘तीन’ ठेवतो आणि उरलेले चारही फासे पुन्हा उचलतो. त्या चार फाशांना दोन संधी मिळून निदान एक ‘तीन’ पडण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के आहे, म्हणजे चारात तीनदा काम होतं. पण हातात एकही ‘तीन’ नसताना, नुसतं ठरवून सहा फाशांनी तीन वेळांत तीन ‘तीन’ गाठायचे म्हटलं, तर शक्यता पन्नास टक्के, जवळपास तंतोतंत. मुलांना हे कागदावर मांडायला लावा. शाळेच्या पुस्तकातली संभाव्यता अचानक कामाची वाटायला लागते. पहिली फेक बघून मगच काय हवं ते ठरवायचं, आधी ठरवून फासे टाकायचे नाहीत, एवढं या हिशेबातून उचललं तरी पुरे.

आता मूळ प्रश्न. चौघं खेळताय, तुम्ही आत आहात. तुमची पुढची पाळी येईपर्यंत तिघं फासे टाकणार. कुणी मुद्दाम पंजांच्या मागे लागला नाही तरी सहा फाशांच्या एका फेकीत सरासरी एक पंजा पडतोच. मागे लागला तर तीन फेकींत सरासरी अडीच. तिघांनीही ठरवलं की तुम्हाला धोपटायचंच, तर एका फेरीत सात-आठ जीव सहज जातात. दहापैकी. म्हणून चौघांच्या डावात पूर्ण जीव असताना एक फेरी टिकून दोन तारे घ्यावेत, आणि जीव पाचावर आला की पुढच्या पंजाला निमूट निघावं, हा ढोबळ अंदाज पहिल्या काही डावांना पुरतो. तिघंच असाल तर मारणारे दोघंच, तेव्हा चारापर्यंत दम धरायला हरकत नाही. पुढे मात्र माणसं बघून ठरवावं लागतं. काही घरांत काका आत असले की सगळे आपसांतलं वैर विसरून एक होतात.

निघणं म्हणजे हार नव्हे, हे मुलांच्या गळी उतरवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आत राहिलो म्हणजे राजा, असा त्यांचा हिशेब, त्यात खेळाचं नावच तसं. इथे एक डाव दाखवा. समजा बाहेरच्या एकाचे जीव तीन उरलेत आणि त्याच्या शेवटच्या फेकीत पंजा आला. तुम्ही आत आहात, जीव सात, राहू शकता. तरी निघा. नियमाने त्याला आत यावं लागेल, तीन जीव घेऊन, जिथे बदाम चालत नाहीत, आणि पुढची पाळी तुमच्या बाजूच्यांची. एकही फासा न टाकता तुम्ही त्याला संपवायची सोय केली. हे एकदा कुणाच्या तरी अंगावर शेकलं की मग मुलं निघायला शिकतात, आणि दुसऱ्या बाजूने हेही शिकतात की जीव कमी असताना पंजा हाती ठेवायचा नाही, तो फासा उचलून पुन्हा टाकायचा. माझ्या मते या खेळातला हा सगळ्यात देखणा डावपेच आहे. नियमपुस्तिकेत तो कुठेच लिहिलेला नाही.

कार्डं पहिल्या डावात ठेवूच नका. मी तर म्हणेन, मुलं आठ-नऊ वर्षांची असतील तर पहिले दोन डाव नुसते फासे, तारे आणि टोकियो. वीज पडली तर ठोकळे साठवू द्या, काय करायचं ते नंतर कळेल. मग तीन कार्डं मांडा आणि किंमत ठोकळ्यांत मोजायची, एवढंच सांगा. आवडीचं एकही नसेल तर दोन ठोकळे देऊन तिन्ही बदलता येतात. कार्डं दोन जातींची: काही घेतल्याबरोबर फळ देऊन संपतात, काही डावभर तुमच्यापुढे राहतात. संपणारी समजायला सोपी. सात ठोकळ्यांचं ‘जादा डोकं’ हे राहणाऱ्यांपैकी. ते घेतलं की प्रत्येक पाळीला एक फासा जास्त, तेव्हा बाजूला ठेवलेला हिरवा फासा हाती येतो. ते लवकर मिळालं तर डावाचा रंग बदलतो. महाग असलं तरी दिसलं की साठवायला लागा.

आणि एक कार्ड सूरतेत हमखास हशा पिकवतं: ‘शाकाहारी’. ज्या पाळीला कुणालाही मार दिला नाही, त्या पाळीला एक तारा. टोकियो तुडवायला निघालेला राक्षस, आणि पंजा न उगारण्याचा तारा! गुजराती शेजारी खेळायला बसलेले असतील तर हे कार्ड त्यांच्याकडेच जातं, आणि गंमत म्हणजे ते बऱ्याचदा त्यावर जिंकतातही. बाहेर बसून आकड्यांचे तारे गोळा करत राहायचं, पंज्यांकडे बघायचंच नाही, ही या खेळातली एक पक्की चाल आहे. तिला उत्तर एकच: बाकीच्यांनी आत शिरून बाहेरच्या सगळ्यांना मार द्यायचा.

कार्डांवरचा मजकूर इंग्रजीत असतो. घरात मुलं महापालिकेच्या मराठी शाळेत, भाचरं गुजराती माध्यमात, आजी-आजोबांना दोन्ही बोलता येतं पण इंग्रजी नाही, ही सूरतेतली नेहमीची मांडणी. कार्डांवर पट्ट्या चिकटवू नका, मागून ओळखू येतात आणि गठ्ठा पिसता येत नाही. त्याऐवजी सगळ्यांना दिसेल अशी एक वही ठेवा. जे कार्ड खेळात येईल त्याचं नाव आणि एका ओळीत काम, ज्याला जी लिपी येते त्याने लिहावं. दोन-तीन बैठकांत वही भरते. आजीला कार्ड नाही वाचता आलं तरी बदाम, वीज आणि पंजा वाचता येतात, आणि टोकियोत कुणाला अडकवायचं यात तिला कुणी मागे टाकत नाही.

एक अडचण खरी आहे, ती आधीच सांगतो. मेलेला राक्षस डावाबाहेर जातो. डाव अर्ध्या तासाचा, त्यामुळे मोठ्यांचं काही बिघडत नाही, पण सात वर्षांचं पोर दहाव्या मिनिटाला बाहेर पडलं तर घरात खरा राक्षस सुरू होतो. त्याला लगेच काम द्या. ठोकळ्यांची पेढी त्याच्याकडे, कार्डं मांडणं त्याच्याकडे, फासा सतरंजीबाहेर गेला तर तो धरायचा की नाही याचा निवाडाही त्याच्याकडे. हे काम मुलं फार कडकपणे करतात. पहिल्याच फेरीत एकाच्या अंगावर सगळ्यांनी जाऊ नये, असा घरगुती ठराव केलात तरी चालेल, खेळाला त्याने बाधा येत नाही.

आयात केलेली पेटी महाग पडते, आणि खेळ घरात रुजेल की नाही हे कळण्याआधी तेवढे पैसे घालायचं कारण नाही. आधी घरीच करून बघा. ल्युडोचे साधे सहा फासे घ्या. १, २, ३ आहेत तसेच, ४ म्हणजे बदाम, ५ म्हणजे वीज, ६ म्हणजे पंजा. गणित तंतोतंत तेच राहतं. जीव आणि तारे पाटीवर खडूने. विजेच्या ठोकळ्यांना चिंचोके चालतात. उधना-लिंबायतकडे ज्या घरांत साडीवर टिक्की-स्टोन लावायचं काम चालतं, तिथे डब्याच्या तळाशी उरलेल्या टिकल्या असतातच. त्या चमकतात, विजेसाठी आणखी काय हवं? कार्डं मुलांनीच करावीत. सुरुवातीला तीन प्रकार पुरतात: तीन विजेला दोन जीव परत, पाच विजेला तीन तारे, सात विजेला एक जादा फासा. मधल्या पटावर टोकियो लिहायची सक्ती नाही. सूरत लिहा, खाडीच्या जागी हजिरा लिहा. राक्षस पुठ्ठ्याचे कापून रंगवा: बकासुर, वेताळ, डुमसच्या किनाऱ्यावरचं भूत, तापीतून आलेली मगर. मुलांनी स्वतः काढलेला राक्षस असला की त्याचे जीव ती जास्त जपून वापरतात.

श्रावणात खेळणार असाल तर दार लोटून घ्या. सातम-आठमच्या दिवसांत इथे घरोघरी पत्त्यांचा जुगार रंगतो, पोलिसांचे छापेही पडतात, आणि ओट्यावर सहा फासे खुळखुळताना दिसले की शेजारी वेगळ्याच नजरेने बघतात. पैसे लावून तर मुळीच खेळू नका. जुगारबंदीचा १८८७चा कायदा गुजरातेत आजही आहे, आणि हा खेळ पैशांत खेळला की त्यातली टोकियो सोडायची गंमतच संपते, कुणी निघतच नाही.

शिकवायचा क्रम थोडक्यात असा धरा: मांडणीही पूर्ण न करता फासे हातात द्या, प्रत्येकाला तीन-तीनदा टाकू द्या. मग तारे कसे मिळतात ते सांगा. मग टोकियो, आत आणि बाहेर. पहिला पंजा पडेपर्यंत बाहेर पडायचा नियम सांगू नका, ज्याच्यावर वेळ येईल त्याला तेव्हाच विचारा, ‘राहतोस की निघतोस?’ नियम त्या क्षणी जितका पक्का डोक्यात बसतो तितका वाचून बसत नाही.

शेवटी पेटी विकत घ्यावी की नाही. घरात चौघं-पाचजण नियमाने बसत असतील, त्यातली एकदोन मुलं आठ ते बारा वर्षांची असतील आणि घरी केलेला खेळ दिवाळीच्या सुट्टीनंतरही चालू राहिला असेल, तर जरूर घ्या. नवरा-बायको दोघंच असाल तर नको. दोघांत टोकियो म्हणजे नुसती अदलाबदल होते, आणि तेवढ्यासाठी पत्ते पुष्कळ.